गोळी सुटते ती ड्यूटी बदलताना

मा. संपादक, स.न.

लष्करी गार्डच्या पिस्तुलातून चुकून गोळी सुटल्याची बातमी आली की पिस्तूलच खराब असणार नाहीतर जवान हलगर्जी असणार, एवढी चर्चा होते आणि दोन दिवसांत विषय संपतो. मी स्वतः गार्ड ड्यूटी केलेली आहे म्हणून सांगतो, ते पिस्तूल रोज किती वेळा विनाकारण हाताळावं लागतं हे कुणी विचारतच नाही. होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेच्या म्यानात, नीट बसलेलं पिस्तूल सहसा काही करत नाही हो, घोळ होतो तो काढताना, घालताना, लोड-अनलोड करताना.

ड्यूटी संपलीय, पिस्तूल जमा करायचंय, मागे दुसरा थांबलाय, डोळ्यांवर झोप आहे. नियम असा की आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, मग स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकता भाग) मागे ओढा, चेंबरमध्ये (नळीच्या मागच्या टोकाला गोळी बसते ती जागा) डोळ्यांनी बघा आणि अंधार असेल तर करंगळी घालून चाचपा. पण घाईत क्रम उलटा होतो, स्लाइड आधी ओढली जाते, गोळी बाहेर पडलेली दिसते आणि माणूस निर्धास्त होतो, पण मॅगझिन आतच असल्यामुळे स्लाइड पुढे जाताना पुढची गोळी चेंबरमध्ये नेऊन बसवते, मग मॅगझिन काढलं तरी ती आतच राहते. आता रिकामं आहे समजून ट्रिगर दाबला की संपलं. ग्लॉकसारखी पिस्तुलं तर साफ करायला खोलायची तरी ट्रिगर दाबावाच लागतो, त्यामुळे ‘साफ करताना गोळी सुटली’ हे दरवेळी थाप नसते.

वाळूचं पिंप ठेवतात ते याचसाठी, नळी त्यात धरूनच अनलोड करायचं म्हणजे चुकलं तरी गोळी वाळूत जाते. पण एखादी घटना घडली की वरून हुकूम काय येतो? अजून एकदा चेक करा! म्हणजे परत अनलोड, परत लोड, आणि जिथे धोका आहे तेच काम दुप्पट. अतिपरिचयात अवज्ञा म्हणतात ती अशीच होते. त्यापेक्षा प्रत्येकाला होल्स्टरसकट एकच पिस्तूल द्या, हातोहात बदली नको, आणि द्यायचंच असेल तर स्लाइड मागे लॉक करून द्या, घेणाऱ्यानेही स्वतः बघून घ्यावं, समोरचा सीनियर असला तरी.

यंत्रात दोष नसतोच असं माझं म्हणणं नाही. अमेरिकेत जुलै २०२५ मध्ये एका हवाई तळावर एम-१८ पिस्तुलाच्या गोळीने सुरक्षा ड्यूटीवरचा एक एअरमन (हवाई दलाचा जवान) गेला, त्यांच्या हवाई दलाच्या ग्लोबल स्ट्राइक कमांडने ते पिस्तूल वापरणं थांबवलं आणि पिस्तूल आपोआप उडालं असंच लोक धरून बसले, पण पुढे दुसऱ्या एका एअरमनला अटक झाली, खोटी माहिती दिल्याचाही आरोप त्याच्यावर होता, आणि तपासणीनंतर पिस्तुलं परत वापरात आली. पण हेच मॉडेल सिग सावर कंपनीच्या ज्या पी-३२० पिस्तुलावरून बनलंय ते विशिष्ट कोनात पडलं तर उडू शकतं हे २०१७ मध्ये बाहेर आलं होतं आणि कंपनीने ट्रिगर वगैरे बदलून दिले होते. तरीसुद्धा हातातून पिस्तूल निसटलं तर पडू द्यावं, झेलायला जाऊन बोट नेमकं ट्रिगरवर पडण्याचा धोका जास्त.

आणि शिक्षेचं बघा. गोळी सुटली की कारवाई होते, ठीक आहे, व्हायलाच पाहिजे. पण कुणाला चेंबरमध्ये राहिलेली गोळी वेळेत सापडली आणि काहीच घडलं नाही, तर तोही बोलत नाही कारण उगाच आपल्यावर शेकेल, आणि मग त्याच पोस्टवर तोच प्रकार परत होतो. अशी माहिती देणाऱ्याला शिक्षा नको, वाटल्यास नाव न लिहिता नोंद करा, पण नोंद करा. तुमच्या वार्ताहरांनीही पुढच्या वेळी एवढं विचारावं की गोळी सुटली तेव्हा तो जवान पिस्तुलाचं नक्की काय करत होता आणि त्याला ते करायला कुणी सांगितलं होतं.

कळावे,
एक माजी सैनिक