पेटी, मलिदा आणि ध्यान

महोदय,

ध्यानावरच्या आपल्या पुरवणीत सगळा भर श्वासावर. सूर राहूनच गेले. १८व्या शतकात पूर्व युरोपातल्या हसिदी या भक्तिमार्गी पंथाच्या ज्यूंनी ‘निगुन’ रुजवला: बहुधा शब्दच नाहीत, ‘आय-आय, बाम-बाम’ घोळवत एकच चाल गायची, मन थाऱ्यावर येईस्तोवर. मी भजनात पेटी धरतो, मला हे चटकन पटले.

लांब कशाला, आमच्या अलिबागेत इस्रायल आळी आहे. बेने इस्रायलांनी, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंनी, १९व्या शतकातच बायबलातल्या कथांवर मराठी कीर्तने रचली. मलिदा या त्यांच्या आभाराच्या विधीला भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर यांचे ताट मांडून एलियाहू हन्नबी या प्रेषिताचे गाणे म्हणतात. ठेका असा की पाय आपोआप हलतो! बरेच जण इस्रायलला गेले. उरलेल्यांच्या चाली कुणीतरी ध्वनिमुद्रित कराव्यात. पेटीला मी येईन, फुकट.

– एक पेटीवाला, अलिबाग