नागपूरचा समुद्र

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतली किनारपट्टीवरच्या जुन्या वस्त्यांची लेखमाला नेमाने वाचते. चौल, वसई, गोवा, मुंबई झालं. शेवटच्या भागात लेखकाने जाता जाता म्हटलंय की विदर्भाचा या इतिहासाशी संबंध नाही. नागपूरच्या महाल भागात उभं आयुष्य गेलं, सव्वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला, म्हणून राहवलं नाही.

१७५१ ते १८०३, बावन्न वर्षं, नागपूरकर भोसल्यांकडे समुद्रकिनारा होता. बंगालचा नवाब अलिवर्दीखान याच्याशी तह झाला आणि सुवर्णरेखा नदीपर्यंतचा ओडिशा रघूजीराजांकडे आला, वर बंगालच्या चौथाईपोटी दरसाल बारा लाख रुपये. कटकच्या सुभेदारांत शिवभट साठ्यांचं नाव ठळक. पण आपण तिथे पोचलो त्याच्या शंभर वर्षं आधीच इंग्रज येऊन बसले होते! १६३३ मध्ये मच्छलीपट्टणहून निघालेली त्यांची माणसं महानदीच्या मुखाशी हरिशपूरला उतरली. मग हरिहरपूरला वखार, पुढे बालेश्वरला. बालेश्वरात डच होते, डेनही होते. आमच्यांनी कटकात बसून महसूल वसूल केला, आरमार काही उभारलं नाही. इंग्रजांना मात्र पक्कं ठाऊक होतं की हा पट्टा हाती आल्याशिवाय कलकत्ता आणि मद्रास जमिनीवरून जोडले जायचे नाहीत.

१८०३ च्या ऑक्टोबरात त्यांनी कटकचा बाराबती किल्ला घेतला. २९ नोव्हेंबरला अडगावची लढाई आपण हरलो, १५ डिसेंबरला गाविलगड पडला, आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहात दुसऱ्या रघूजींनी बालेश्वर बंदरासकट कटक सोडून दिलं. अडगाव अकोला जिल्ह्यात, गाविलगड चिखलदऱ्याला. समुद्र गेला तो आमच्या डोंगरात. सहलीला गडावर नेलं की मुलांना हे सांगायची. त्यांचं लक्ष भाजलेल्या कणसांवर.

नणंदेबरोबर पुरीला गेले होते. सिंहद्वारासमोरचा अरुणस्तंभ मराठ्यांच्या अमदानीत कोणार्कहून आणलेला. नागपूरच्या म्हटल्यावर पंड्याने तो आम्हाला हौसेने दाखवला आणि दक्षिणाही तशीच हौसेने मागितली. मान ताठ झाली, खोटं कशाला बोलू?

ती उतरवली आमच्या शेजारच्या बंगाली काकूंनी. त्यांच्याकडे नातवाला निजवताना जी अंगाई म्हणतात, तिच्यात 'बर्गी' येतात. कोण हे बर्गी, म्हणून विचारलं तर हसून म्हणाल्या, "तुम्हीच की!" बर्गी म्हणजे बारगीर. १७४० नंतरच्या दहा वर्षांत भोसल्यांच्या घोडेस्वारांनी बंगालची गावं लुटली, जाळली. तिकडची पोरं अजून त्या धाकाने डोळे मिटतात. वर्गात मी भोसल्यांचे सरदार भास्करराम कोल्हटकर यांना बंगालात दग्याने मारलं ते रंगवून सांगायची. ते कशासाठी तिथे गेले होते, हे एका वाक्यात उरकायची.

तेव्हा विनंती अशी, की लेखमालेचा पाचवा भाग बालेश्वर-कटकवर काढावा. अरुणस्तंभाचा फोटो जरूर छापा, पण बर्गींना माझ्यासारखं एका वाक्यात उरकू नका.

कळावे,
एक निवृत्त शिक्षिका, महाल, नागपूर