दिन्यास, सर्जाबद्दल

अमळनेर
श्रावणातला तिसरा सोमवार, रात्री साडेअकरा

दिन्या,

फोनच करणार होतो. पण फोनवर तू नुसतं "हं, बोल" म्हणतोस आणि माझी बोबडी वळते. म्हणून कागद घेतला. तब्येती ठीक. माझी बी.पी.ची गोळी चालू आहे. आईला आता अजिबातच ऐकू येत नाही, त्यामुळे आम्ही सगळे ओरडून बोलतो आणि शेजाऱ्यांना वाटतं आमच्याकडे रोज भांडणं असतात. झालं तब्येतीचं.

आता मुद्दा. तू बरोबर होतास. आमच्या सर्जा मांजरीला थायरॉईड निघाला.

हे एक वाक्य लिहायला मला तीन महिने लागले. तुझ्यापुढे हार मानायची मला सवय नाही, हे तुला सायकलच्या वेळेपासून माहीत आहे. (सायकल तूच पंक्चर केली होतीस. मी ते अजूनही मान्य केलेलं नाही, करणारही नाही.)

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) तू आलास, पुरणपोळी खाऊन ओट्यावर बसलास. सर्जा मांडीवर आली तर तू तिच्या छातीला हात लावून थांबलास. "हाई काय व्हयनं हिले? इंजिन चालू शे का आत?" म्हणालास. मग घड्याळ काढून मोजायला लागलास, वहिनींनी मांडा आणला तरी हात काढला नाहीस. आणि म्हणालास, रक्त तपास. तेव्हा मी काय बोललो ते मला पाठ आहे, तुलाही असणार. ते पुढे लिहितो. आधी सर्जाचं लिहू दे, नाहीतर पत्र इथेच संपेल.

खोटं सांगत नाही, मला काही दिसत नव्हतं. ती खात होती ना! वाटी चाटून पुसून पुन्हा ओरडायची. या वयात एवढी भूक, म्हणजे तब्येत ठणठणीत, असा माझा हिशोब. शेजारच्या गल्लीत मी फुशारक्या मारल्या आहेत की आमची म्हातारी दोन माणसांचं खाते. रात्री तीनला उठून जिन्यात उभी राहून रडायची, तर आई म्हणाली (हे रडणं मात्र तिला ऐकू येतं, देव जाणे कसं) म्हातारपण आहे, कुणाची तरी आठवण येते तिला. भरभर पाणी पीत होती, मोरीतल्या ओल्या फरशीवर पसरून तोंड उघडं टाकून धापा टाकत होती. पण तूच सांग, मे महिन्यात आपल्या खान्देशात मोरीत कोण पसरत नाही? मी स्वतः दुपारी मोरीच्या उंबऱ्यावर पाय सोडून बसायचो. जळगावला पंचेचाळीस आणि मांजर धापा टाकतंय, यात आजार कुठून दिसणार?

मग पाऊस पडला, सगळे गार झाले, ही तशीच. एक दिवस उचलली आणि हातात काही आलंच नाही. पाठीचा कणा बोटांना मण्यांसारखा लागला. वजनकाट्यावर तिला घेऊन उभा राहिलो, मग तिला सोडून उभा राहिलो. वजाबाकी दोन किलो आठशे. दोन वर्षांपूर्वी चार किलो दोनशे होती, तूच मोजलं होतंस, म्हणाला होतास बैलाचं नाव शोभतं हिला.

आधी जंताचं औषध दिलं. हो, मीच, मनाने. मग इथल्या सरकारी दवाखान्यात नेली. ते डॉक्टर भला माणूस. बैलाचा खूर आणि म्हशीची कास रोजची, पण प्रामाणिकपणे म्हणाले की मांजराची थायरॉईड माझ्या हाताखालून कधी गेलेली नाही, जळगावला न्या. तरी जाता जाता तिची मान वर करून गळ्यावरून बोट खाली आणलं आणि माझंही बोट तिथे ठेवलं. श्वासनळीच्या बाजूला वाटाण्याएवढं काहीतरी सटकलं. अजून त्या बोटाला ते लागतं.

जळगावला सकाळच्या पॅसेंजरने. भाजीच्या पिशवीत तिला घातलं, वरून टॉवेल. धरणगावपर्यंत गप्प, मग असा आवाज काढला की समोरच्या बाईने मुलाला छातीशी धरलं. डॉक्टर तरुण आहेत. हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशे चाळीस. रक्त मुंबईला गेलं. टी-फोर, म्हणजे थायरॉईडचं हार्मोन, चारच्या आत हवा, तो तेरा आला.

ऐक, तुला यातलं माझ्याहून जास्त कळतं, पण मी आता शिकलोय तर सांगू दे. म्हाताऱ्या मांजरांत हा आजार फार. आणि गाठ बहुतेक वेळा कॅन्सरची नसते, शंभरात दोन-तीन वेळाच असते. ती नुसती वेड्यासारखी हार्मोन बनवत सुटते. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी हा आजार पहिल्यांदा 1979 साली लिहिला. म्हणजे आपण चौथीत होतो, तू माझी पाटी फोडली होतीस ते वर्ष. आपल्या आजीच्या वेळेला अशी खंगून गेलेली मांजरं कुणी मोजली असतील?

उपाय कोणते विचारलं. परदेशात किरणोत्सारी आयोडीनचं एक इंजेक्शन देतात आणि बहुतेक मांजरं त्यातच बरी होतात. तो रस्ता आपल्यासाठी नाही हे डॉक्टरांच्या तोंडावरून कळलं. ऑपरेशन होतं, पण तेरा वर्षांची, हृदय असं धडधडणारं, भूल कशी द्यायची? शिवाय थायरॉईडला चिकटून ज्या बारीक ग्रंथी असतात त्यांना धक्का लागला तर रक्तातलं कॅल्शियम घसरतं. राहिली गोळी. कार्बिमाझोल, माणसांचीच, पाच मिलिग्रॅमची, सकाळ-संध्याकाळ. जन्मभर. गाठ त्याने जात नाही, फक्त हार्मोन बनणं थांबतं. आणि लगेच फरक पडत नाही. कापसाची जिन बंद केली तरी गोदामात गाठी पडलेल्या असतातच, त्या संपेपर्यंत दोन-तीन आठवडे जातात. हे डॉक्टरांनी नाही सांगितलं, ही उपमा माझी. तुझ्या वडिलांच्या जिनवरून सुचली.

मेडिकलवाल्याने चिठ्ठी वाचली. "सर्जा. वय तेरा. मुलगा ना?" मी म्हटलं, मुलगी. त्याने चष्म्यावरून पाहिलं. म्हटलं, मांजर. त्याने चिठ्ठी उलटी करून पाहिली. याला कारण तू. बोरीच्या काठी बैल धुता धुता तुला पोत्यात ते पिल्लू सापडलं आणि तू छातीठोकपणे सांगितलंस, बोका आहे, पोळ्याच्या दिवशी मिळाला, नाव सर्जा. पुढच्या मार्चमध्ये तुझ्याच गोधडीत चार पिल्लं घातली बोक्याने.

आता खरी कसरत. गोळी कुटायची नाही, हात लागू द्यायचा नाही. आणि पिंकी बाळंतपणाला आलीय, सहावा महिना. हे औषध पोटातल्या बाळाला वाईट, म्हणून तिने गोळीला शिवायचं नाही, मांजराच्या घाणीच्या ट्रेलाही नाही. तिच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या मांजर घालवायची गरज नाही, तुम्ही फक्त लांब राहा. पण गल्लीतल्या बायांना कोण सांगणार? कोपऱ्यावरची आजी ओट्यावर बसून ओरडली, "मांजरले गोया? आठे माणसंले भेटत नहीत!" तर मी हातमोजे चढवतो. आई विचारते, ऑपरेशन करतोस का रे? मी तिला टॉवेलमध्ये गुंडाळतो (मांजराला), अंगठा दातांच्या मागे, गोळी जिभेच्या मुळाशी, तोंड बंद, गळ्याला मालिश. पंधरा मिनिटांनी गोळी सोफ्याखाली सापडते. दुधाच्या सायीत, तुपात, बांगड्याच्या तुकड्यात, सगळं करून पाहिलं. साय खाते, गोळी बाजूला. शेवटी हाताने टाकणं हाच उपाय. आता मी दाराशी आलो की ती कपाटावर जाते. तेरा वर्षं माझ्या उशीशी झोपली, दिन्या.

आणि घरात दुसरी थायरॉईडवाली, तुझी वहिनी, आहेच. हिची कमी, सर्जाची जास्त. तू म्हणशील एकमेकींना थोडी थोडी द्या. दोघींच्या बारीक गोळ्या एकाच डब्यात होत्या. एका रात्री हातमोजे घालून, सर्जाचं तोंड उघडून, गोळी बोटात धरली आणि हात थांबला. ती हिची होती. आधीच तेरा असलेल्या जिवाला मी वरून हार्मोन घालायला निघालो होतो. तेव्हापासून हिच्या गोळ्या देव्हाऱ्यापाशी आणि सर्जाच्या शिवणयंत्राच्या खणात. सर्जाच्या पाकिटावर आईच्या कुंकवाचा मोठा टिळा लावलाय. हसू नकोस, उपयोग होतो.

पहिल्या आठवड्यात उलट्या झाल्या, खाणं सोडलं. डॉक्टर म्हणाले असं होतं, पण चेहरा खाजवून रक्त काढायला लागली किंवा डोळे पिवळे वाटले तर गोळी बंद करून लगेच फोन करा. तसं काही झालं नाही. दोन आठवड्यांनी रात्रीचं रडणं थांबलं. पहिल्या शांत रात्री मी तीनला उठून जिन्यात जाऊन पाहिलं, जिवंत आहे का. झोपली होती. कानबाईच्या रोटाचा तुकडाही खाल्लान. रोट भाऊबंदांबाहेर कुणाला द्यायचा नसतो, पण आई म्हणाली, ती आता भाऊबंदांतलीच.

मला वाटलं जिंकलो. आणि तिसऱ्या आठवड्याच्या रक्तात नवीनच. टी-फोर शून्य पॉइंट सात, म्हणजे जरुरीपेक्षा खाली. आणि किडनीचा आकडा, क्रिएटिनिन, एक पॉइंट तीनवरून दोन पॉइंट चार. मी डॉक्टरांवर चढलो, तुमच्या गोळीने किडनी घालवली. ते शांत राहिले. म्हणाले, थायरॉईड जोरात असताना हृदय रक्त ढकलत असतं, किडनीतून रक्त जास्त गाळलं जातं, त्यामुळे किडनी मुळात अधू असली तरी रिपोर्ट चांगला दिसतो. जोर ओसरला की दिसायला लागतं. घरी येताना पुलावरून बोरी पाहिली. पुराच्या दिवसांत तीही सपाट वाटते, आणि पाणी उतरलं की खड्डे.

म्हणून संध्याकाळची गोळी अर्धी केली. टी-फोर फार खाली जाऊ दिला तर तेही किडनीला वाईट, फार वर ठेवला तर हृदयाला. उद्या रक्त. सकाळच्या पॅसेंजरने जळगाव. गेले आठ दिवस मी वाटीतलं पाणी पट्टी लावून मोजतोय. ट्रेमधले ओले गोळे मोजतोय. शाळेत असतो तर पोरांनी मला वेड्यात काढलं असतं.

रात्री झोप येत नाही आणि तुझं तेच वाक्य येतं, रक्त तपास. आणि मग माझं. मी म्हणालो होतो, लॅबमध्ये तीस वर्षं दुसऱ्यांची रक्तं काढलीस, तुझ्या माईंचं वेळेत काढलं असतंस तर. तू उठलास, चप्पल घातलीस. मांडा तसाच राहिला. मी हाक मारली नाही. बस निघेपर्यंत ओट्यावर बसून राहिलो आणि स्वतःला सांगत होतो की तो उगाच तापला.

माई खात होत्या, हसत होत्या. तुला दिसलं नाही. सर्जा खात होती, मला दिसलं नाही. मला आता कळतं असं म्हणणं सोपं आहे, ते म्हणत नाही. मला तेव्हा बोलायला नको होतं, एवढंच. आणि त्या दिवशी तू मांजराच्या छातीला हात लावून इतका वेळ का मोजत होतास, हे मला तेव्हाही कळत होतं. कळत असून बोललो.

सुमनवहिनींच्या गुडघ्याचं काय झालं? ऑपरेशन ठरलं असं हिला कुणीतरी सांगितलं. पोराचं लग्न तुमच्याकडेच करणार की हॉटेलात? नवीन फ्लॅटला गॅलरी आहे का? भरताची वांगी बामणोदची आली की पाठवतो, बसवाल्याकडे, ओळखीचा आहे. तिकडच्या वांग्यांना भरीत म्हणायचं पाप करू नकोस.

सर्जा आत्ता कपाटावर बसून माझ्याकडे बघतेय. संध्याकाळची अर्धी अजून द्यायची आहे. उद्या रक्त मुंबईला जाईल, दोन-तीन दिवसांनी रिपोर्ट. डॉक्टर समजावून सांगतातच, पण मी त्याचा फोटो तुलाही पाठवणार आहे. क्रिएटिनिनचा आकडा आधी बघ. चांगला असो की वाईट, फोन कर, आणि या वेळी "हं, बोल" म्हणू नकोस, तूच बोल.

पोळ्याला ये. मांडे आई करणार म्हणते.

तुझा,
सुऱ्या