परीकथेतून शिकवायला शिकवणाऱ्या बाईंना

आदरणीय बाई,
सा. न. वि. वि.

फोनवर तुमचे आभार मानायला लागलं की तुम्ही विषय बदलता आणि मुलांची चौकशी सुरू करता. म्हणून लिहूनच कळवते, आणि तेही सगळ्यांसमोर. पहिली-दुसरीला शिकवणाऱ्या कितीतरी जणांना परीकथा वर्गात आणायच्या असतात. तुम्ही मला जे दिलंत ते त्यांच्याही उपयोगी पडावं असं मनापासून वाटतं.

परीकथांचा विषय घ्यायचं ठरलं तेव्हा साहित्याला तोटा नव्हता. मुखवटे होते, पुठ्ठ्याचा किल्ला होता, अस्वलाची चित्रं छापलेल्या बेरजांच्या कृतिपत्रिकाही होत्या. तुम्ही माझी टाचणवही घेऊन बसलात आणि प्रत्येक कृतीसमोर पेन्सिलीने एकच प्रश्न लिहिलात : "हे गोष्टीत कोणाला हवंय?" अस्वलाच्या चित्राखाली छापलेल्या बेरजेचं अस्वलाला काहीच देणंघेणं नसतं. पण तीन अस्वलांच्या गोष्टीत घरात शिरलेल्या मुलीने छोट्या अस्वलाची खुर्ची मोडलीय आणि त्याला नवी करून द्यायचीय म्हटल्यावर ते केवढं आहे हे मोजावंच लागतं. माझं त्यापुढचं सगळं टाचण या एका प्रश्नावर उभं राहिलं.

त्या खुर्च्यांबद्दल तुम्हाला सविस्तर सांगायचंच आहे. तीन अस्वलांच्या तीन खुर्च्या मुलांनी पुठ्ठ्याच्या केल्या. मोठी कुठली, छोटी कुठली, हे सगळ्यांनी पटापट सांगितलं. मग मी तुम्ही सुचवलेला प्रश्न टाकला, "मधली मोठी की छोटी?" वर्गात दोन तट पडले. उत्तर द्यायचं नाही, फक्त एक खुर्ची उचलायची, असं तुम्ही बजावलं होतं. छोटी उचलली. राहिल्या दोन, आणि मधली झाली छोटी. मग छोटी परत ठेवून मोठी उचलली. आता मधलीच मोठी! एक मुलगा जागेवरून उठून खुर्चीपाशी आला, तिला हात लावून पाहिलं आणि म्हणाला, "पण खुर्ची तर तीच आहे!" एकच वस्तू एकाच वेळी मोठीही असते आणि छोटीही, हे या वयात पचायला सोपं नसतं. ते पचल्याशिवाय सात हा सहापेक्षा मोठा आणि आठपेक्षा छोटा, हेही नुसतं पाठच होतं. आता आमच्या वर्गात कोणी "माझी पेन्सिल मोठी" म्हणालं की शेजारून लगेच येतं, "कोणापेक्षा?"

आभाळाला भिडणाऱ्या वेलाच्या गोष्टीसाठी घेवड्याचं बी भिजवून काचेच्या भांड्यात लावलं. काच आणि ओला कागद यांच्या मधोमध बी ठेवायचं, म्हणजे आत काय चाललंय ते दिसतं, ही युक्ती तुमचीच. आधी मूळ आलं तेव्हा काही मुलं हिरमुसली, त्यांना वर जाणारा वेल हवा होता. दोघींनी बी उलटं ठेवून पाहिलं, तरी मूळ वळून खालीच गेलं. या एका गोष्टीवर मुलं जेवढं बोलली तेवढं कुठल्याही पाठावर बोलली नव्हती. कोंब वर आल्यावर रोज त्याच्या उंचीएवढी कागदाची पट्टी कापून भिंतीवर ओळीने चिकटवत गेलो. हातात पट्टी-इंची काही नाही, आकडे नाहीत, आणि तरी भिंतीवर आपोआप स्तंभालेख तयार झाला. वेल कुठल्या दिवशी सर्वांत जास्त वाढला हे मुलं लांबूनच दाखवायला लागली. सेंटिमीटर नंतर आले, आणि ते मुलांनीच मागितले, कारण चिकटवायला भिंत पुरेना.

तीन डुकरांच्या घरांचं काम सुटसुटीत झालं. गवत, काड्या, ठोकळे, आणि फुंकर मारून घरं पाडणाऱ्या लांडग्याऐवजी पुठ्ठ्याचा पंखा. सगळ्या घरांना तेवढ्याच अंतरावरून, तेवढाच वारा घालायचा हा नियम मुलांनीच भांडून ठरवला. पण त्याच आठवड्यात तुम्ही म्हणालात, घराची गोष्ट आपल्याकडेही आहे की, आणि चिऊ-काऊ आले. काऊचं घर शेणाचं, चिऊचं मेणाचं. पावसात एक वाहून गेलं, एक टिकलं. असं का? मेणखडूने गिचमिड रंगवलेला कागद आणि मातीचं ढेकूळ, दोन्हीवर ड्रॉपरने पाणी सोडलं. ढेकळाने पाणी पिऊन टाकलं आणि ते फुटलं. मेणखडूवर पाण्याचे गोल गोल मणी उभे राहिले आणि कागद तिरपा केल्यावर घरंगळून गेले. मुलं खूश झाली, आणि तेवढ्यात एका मुलीने विचारलं, "मग उन्हाळ्यात चिऊ कुठे राहते?" बाई, ही गोष्ट मी लहानपणापासून ऐकत आलेय, शेकडो वेळा सांगितलीय. दुसऱ्या दिवशी मेणखडूचे तुकडे उन्हात ठेवले आणि त्या मऊ झालेल्या तुकड्यांवरून मुलांनी चिऊला पत्रं लिहिली. घराला काय काय लावावं याच्या सूचना त्यात होत्या. लेखनाचा तास वेगळा घ्यावा लागला नाही, कारण इथे पत्र खरोखर कोणाला तरी हवं होतं.

लांडग्याची मुलाखतही झाली. शाल पांघरून मी खुर्चीत बसले. सुरुवातीला प्रश्न आलेच नाहीत, नुसते आरोप आले : "तू वाईट आहेस!" तुमच्या सांगण्यावरून का, कधी, कुठे, कोणी, कसं, असे शब्द फळ्यावर लिहून ठेवले होते. त्यातला एक घेतल्याशिवाय लांडगा तोंड उघडणार नाही, ही अट. हळूहळू प्रश्न धारदार होत गेले. "तुला भूक लागली म्हणून घर पाडलंस, की घर पाडायला आवडतं म्हणून?" असा फरक करणारं मूल सातव्या वर्षी वर्गात बसलेलं असतं, आणि आपण त्याला रिकाम्या जागा भरायला देतो.

आणखी एका गोष्टीसाठी मी तुमची कायमची ऋणी आहे. जंगलात सोडून दिलेल्या भावंडांची गोष्ट घेण्याआधी तुम्ही विचारलंत, "वर्गात कोणाच्या घरी सावत्र आई आहे का, माहीत आहे ना?" मग सांगितलंत की परीकथा गोळा करणाऱ्या जर्मन ग्रिम बंधूंच्या पुस्तकाच्या 1812च्या पहिल्या आवृत्तीत त्या मुलांची आई सख्खीच होती, पुढच्या आवृत्त्यांत ती सावत्र केली गेली. तीन अस्वलांचंही तसंच. इंग्रज कवी रॉबर्ट साउदी यांनी 1837मध्ये ती छापली तेव्हा अस्वलांच्या घरात शिरणारी एक म्हातारी होती, सोनेरी केसांची मुलगी नंतर आली. गोष्टी बदलत आल्या आहेत, मग आपणही वर्गातल्या मुलांकडे पाहून बदलू, हे तुमचं म्हणणं मी जसंच्या तसं उचललं. आमच्या गोष्टीत आई सावत्र नव्हती, घरात दुष्काळ होता आणि मोठी माणसं घाबरली होती. मुलांना ते सहज कळलं. अस्वलांच्या घरात कोण शिरलं हेही मुलांनीच ठरवलं. एकीच्या गोष्टीत वाट चुकलेला पोस्टमन आहे, आणि तो खुर्ची दुरुस्त करून जातो.

तुम्ही निवृत्त झालात तरी स्वतःचा वेळ काढून माझ्या वर्गात येऊन बसलात, मागच्या बाकावर बसून मुलं काय बोलतात ते टिपलंत, आणि एकदाही माझ्या हातातला खडू घेतला नाहीत. त्या टिपणांची वही माझ्या टेबलावर आहे. "पाहा, हिने मधल्या खुर्चीवर दोनदा बसून पाहिलं" अशा नोंदी कुठल्याही प्रशिक्षणात मिळाल्या नसत्या.

चित्रकार्डांचा तुमचा डबा सध्या पहिलीच्या वर्गात आहे. त्यांनी कार्डं उलटसुलट लावून गोष्ट शेवटाकडून सांगायचा खेळ काढलाय, तो तुम्हाला दाखवायचाय. आणि माझ्या मुलांनी लांडग्यासाठी नवे प्रश्न काढून ठेवलेत. या वेळी शाल तुम्ही पांघरावी असा त्यांचा हट्ट आहे. कधी येताय ते कळवा.

आपली,
दुसरीच्या वर्गाची शिक्षिका