काटा हलेना म्हणून

सोलापूर,
3 फेब्रुवारी

प्रिय जाड्या,

रात्री साडेबाराला आलेला तुझा मेसेज सकाळी वाचला. "दोन महिने झाले, 91 किलोवरून काटा ढिम्म हलत नाही बे, उद्यापासून नुसता ज्यूस." फोन करणार होतो, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस, आणि हे सांगायला जरा वेळ लागणार आहे. म्हणून कारखान्यातलं जुनं लेटरहेड मागच्या बाजूने वापरतोय.

पहिलं म्हणजे ज्यूसचं खूळ डोक्यातून काढ. तू शुगरची गोळी घेतोस. तुझ्या चिठ्ठीत ग्लिमेपिराइड लिहिलेलं मी दिवाळीत पाहिलंय. गोळी घ्यायची आणि जेवायचं नाही, म्हणजे साखर एकदम खाली जाते आणि माणूस घामाघूम होऊन पडतो. त्यात फळांच्या रसात चोथा गाळून टाकलेला, म्हणजे आधी साखर उसळी मारणार. खाण्यात काहीही मोठा बदल करायचा तर आधी डॉक्टरांना विचार. झालं, बापासारखं बोलून झालं.

आता माझं ऐक. तुला वाटतंय मी सरळ 94 वरून खाली घसरत आलो. तसं काही झालेलं नाही. ऑक्टोबरच्या मध्यापासून दिवाळीसकट डिसेंबर उजाडेपर्यंत, सात आठवडे, मी 86 वर अडकून होतो. तुला सांगितलं नाही, कारण दिवाळीत तू सगळ्यांसमोर माझी एवढी तारीफ केलीस की लाज वाटली.

जूनमध्ये रिपोर्ट आला, एचबीए1सी, म्हणजे तीनेक महिन्यांच्या साखरेची सरासरी, 6.2. डॉक्टर म्हणाले, अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर उभे आहात. मग भात बंद, गोड बंद, आणि रोज पहाटे विजापूर रोडच्या कंबर तलावावर चालायला. पहिल्या महिन्यातच साडेतीन किलो! मी हवेत. भाची पुण्यात आहारशास्त्र शिकते, तिने तेव्हाच सांगितलं होतं, "मामा, यातलं बरंचसं पाणी आहे." शरीर लिव्हरमध्ये आणि स्नायूंमध्ये साखर साठवतं, आणि त्या साठ्यातल्या दर ग्रॅममागे तीनेक ग्रॅम पाणी धरून ठेवतं. खाणं कमी केलं की आधी तो साठा रिकामा होतो, पाणी वाहून जातं. आपण टॉवेलवाले, आपल्याला हे कळायला पाहिजे. ओला टॉवेल काट्यावर टाकला, मग पिळून टाकला, तर वजन घटतंच. पण सूत तेवढंच असतं ना! मला तेव्हा हे पटलं नाही. दर महिन्याला साडेतीन किलो धरून मी मनात मार्चपर्यंतचा ताळेबंद मांडूनसुद्धा टाकला होता.

आणि मग काटा थांबला. 86.1, 85.9, 86.3, परत 86. मी चवताळलो. रात्रीचं जेवण सोडलं, चालणं पाऊण तासावरून दोन तासांवर नेलं. कंबर तलावाला चकरा मारून मारून कंबर काही कमी होईना, हा विनोद आमच्या हिने त्या दिवसांत इतक्या वेळा केला की मी घरात बोलणंच बंद केलं होतं. गुडघे धरले. दुपारी ऑफिसात खुर्चीतून उठवेना. आधी मी दर तासाला लूमच्या शेडमध्ये एक फेरी मारायचो, आता चलन आणायलाही पोराला पाठवायला लागलो. पहाटेच्या दोन तासांत जे जाळलं ते दिवसभर बसून भरून काढत होतो, आणि ते मला दिसतही नव्हतं.

भाची दिवाळीला आली होती, तेव्हा तिने मला दोन गोष्टी सांगितल्या. एक ऐकायला बरी वाटली, एक अजिबात नाही.

बरी वाटणारी आधी. आठ किलो कमी झालेल्या माणसाला आठ किलो कमीच पोसावे लागतात. तिने कागदावर हिशोब करून दाखवला. वजन, उंची, वय घालून एक सूत्र आहे, त्यात दर किलोमागे दहा कॅलरी धरतात. म्हणजे नुसतं पडून राहायलाही मला आता दिवसाला 80 कॅलरी कमी लागतात, आणि चालणं-फिरणं धरलं की शंभराच्या वर. शिवाय उपाशी ठेवलं की शरीर आणखी थोडी काटकसर करतं, हातपायसुद्धा नकळत कमी हलतात. जूनमध्ये जे जेवण "कमी" होतं, ते नोव्हेंबरात "पुरेसं" झालं. यात माझी चूक काहीच नाही, म्हणून मी खूश.

दुसरी गोष्ट अशी. 1992 साली अमेरिकेत डॉक्टरांनी काही लठ्ठ लोकांना तपासलं. या लोकांचं म्हणणं, आम्ही हजार-बाराशे कॅलरीच खातो तरी वजन उतरत नाही. त्यांना खास पाणी पाजून शरीर खरोखर किती जाळतं ते मोजलं. जाळणं व्यवस्थित होतं. सांगितलेलं खाणं सरासरी 1028 कॅलरी, प्रत्यक्षातलं 2081. निम्मं खाणं कुणी लपवलं नव्हतं, ते त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. भाची म्हणाली, "मामा, तुम्ही दुसऱ्याच्या वह्या तपासता, स्वतःची रोजकीर्द लिहा की चौदा दिवस."

मला राग आला. पंचवीस वर्षं खतावणी लिहिणाऱ्या माणसाला कुणी सांगावं, तुझ्या हिशोबात घोळ आहे!

तरी लिहिली. डायरी नाही, कारखान्यातली लाल कापडी बांधणीचीच वही. आणि आमच्या हिने भाचीच्या सांगण्यावरून एक छोटा वजनकाटा आणला, ग्रॅम दाखवणारा. तिसऱ्याच दिवशी चोर सापडला.

शेंगा, लेका.

तुला आठवतंय, आपल्या ऑफिसात टेबलावर भाजलेल्या शेंगांचा डबा असतो. जाता-येता एक मूठ. मी ते खाणं धरतच नव्हतो. शेंगा म्हणजे काय खाणं झालं का? माझी एक मूठ भरली 30 ग्रॅम, म्हणजे 170 कॅलरी. अकराला एक, चारला एक. शिवाय भाकरीबरोबर शेंगाचटणी. "भाजी कमी खातो, चटणीवर भागवतो," असं मी अभिमानाने सांगायचो. दोन चमचे चटणी, त्यावर चमचाभर तेल सोडलेलं, की 200 च्या पुढे. चहा दिवसाला चार, प्रत्येकात दोन चमचे साखर. साखरच दीडशेला टेकते. आणि कडक भाकरी! ती पातळ, कुरकुरीत, आपल्याला वाटतं हवाच खातोय. तीन कधी संपल्या कळत नाही. ज्वारी चांगलीच, मंगळवेढ्याची मालदांडी असेल तर विचारूच नको, पोट भरतं, चोथा असतो. पण शंभर ग्रॅम पिठाला कॅलरी जवळपास गव्हाएवढ्याच. भाकरी खाल्ल्याने बारीक होतात हे आपल्याकडे सगळे सांगतात, किती खाल्ल्याने ते कुणी सांगत नाही.

चौदा दिवसांची बेरीज मारली. मी समजत होतो 1500, निघाले 2200. सोमवार-गुरुवार बरे होते, शनिवार-रविवारने सगळं बुडवलं होतं. पार्क चौकात पोरांना खायला घेऊन गेलो त्या रात्रीचं पान मी बायकोला वाचू दिलं नाही.

शेंगा बंद केल्या नाहीत. सोलापुरात राहून शेंगा सोडायच्या म्हणजे पंढरपुरात राहून टाळ सोडण्यातला प्रकार. सकाळी वाटीत 20 ग्रॅम मोजून घेतो, डबा आता शेडमधल्या कपाटात असतो. चटणी एक चमचा, वरचं तेल बंद, त्याऐवजी दही. चहा दोन, अर्धा चमचा साखर. रात्रीचं जेवण परत सुरू केलं, कारण ते सोडल्यामुळेच मी दुपारी डब्यावर तुटून पडत होतो.

दुसरं काय निघालं वहीतून, तर प्रोटीन. दिवसाला जेमतेम 45 ग्रॅम. साधं तब्येतीला म्हणून किलोमागे 0.83 ग्रॅम सांगतात, म्हणजे मला सत्तरच्या वर, आणि वजन उतरवताना आणखी थोडं जास्त बरं, नाहीतर चरबीबरोबर स्नायूही झडतात. तुझी किडनीची तपासणी झालेली नसेल तर हे विचारल्याशिवाय वाढवू नकोस. मी दुपारी मटकी नाहीतर हुलग्याची उसळ मोठी वाटीभर, रात्री घट्ट वरण, दोन्ही वेळेला ताक. आणि दोन उकडलेली अंडी. अंडी घरात चालत नाहीत, आई अजून खमकी आहे. म्हणून कारखान्याच्या कोपऱ्यावरच्या गाडीवर उभा राहून खातो. गाडीवाल्याला वाटतं माझं घरी भांडण झालंय. तो हल्ली जास्तीची कोथिंबीर टाकतो.

आता व्यायाम. चालणं परत पाऊण तासावर आणलं, आणि आठवड्यातून तीन दिवस जोर-बैठका. शाळेच्या तालमीत आपण दोघं मागच्या रांगेत लपायचो, त्या बैठका. पहिल्या दिवशी आठ बैठकांत डोळ्यांसमोर काजवे. जोर तर भिंतीला हात टेकून सुरू केले, मग ओट्याला, आता जमिनीवर बारा होतात. आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येतं, तुला ठाण्यात राहून आता विसर पडला असेल. पूर्वी पाण्याच्या दिवशी मी झोपेचं सोंग घ्यायचो. आता वरच्या टाकीपर्यंतच्या बादल्या माझ्या. दोन्ही हातांत समान वजन, एकोणीस पायऱ्या, बारा फेऱ्या. जिमवाले यालाच काहीतरी नाव देऊन पैसे घेतात.

आणि इथे फसू नकोस, मी फसलो. जोर-बैठका सुरू केल्यावर दहा दिवसांत वजन 86 चं 86.9 झालं! मी काटा उचलून माळ्यावर टाकायला निघालो होतो. नवा व्यायाम केला की दुखावलेले स्नायू पाणी धरतात, ते काही दिवस राहतं. चटणी-पापड जास्त झालं तरी मिठाने दुसऱ्या दिवशी किलोभर पाणी चढतं. म्हणून आता रोज सकाळी वजन लिहितो, पण बघतो फक्त आठवड्याची सरासरी. आणि दर रविवारी बेंबीवर टेप. जूनमध्ये कंबर 106 सेंटीमीटर होती, ऑक्टोबरात 101. काटा हट्टाने 86 च्या आसपास बसलेला असताना नोव्हेंबरअखेर टेप 98 दाखवत होता. आपल्या लोकांसाठी पुरुषाची कंबर 90 च्या आत हवी म्हणतात, तेव्हा अजून बराच पल्ला आहे.

पण मला खरा धक्का टेपने नाही दिला. गड्ड्याच्या, म्हणजे आपल्या सिद्धेश्वरांच्या जत्रेच्या, आधी आईने ट्रंकेतून माझी बाराबंदी, तो बंदांचा अंगरखा, काढली. गेल्या वर्षी तिचे बंद पोटावर भेटतच नव्हते, मी वरून शाल घेऊन वेळ मारून नेली होती. या वर्षी सगळे बंद बांधले. आई काही बोलली नाही, नुसती गाठ परत सोडून परत बांधून पाहिली. तैलाभिषेकाच्या दिवशी नंदीध्वजांबरोबर अडुसष्ट लिंगांची प्रदक्षिणा पूर्ण चाललो, गुडघा एकदाही कुरकुरला नाही.

गड्ड्यात मी सगळं खाल्लं, हेही सांगून टाकतो. पाच दिवस वही बंद. सरासरी सातशे ग्रॅम चढली आणि पुढच्या दहा दिवसांत उतरली. ऑक्टोबरचा मी असतो तर दोन दिवस उपास केला असता.

आज सकाळची सरासरी 83.6. दोन महिन्यांत अडीच किलोसुद्धा नाही. तुझ्या ज्यूसवाल्या जाहिरातीत एवढं तीन दिवसांत उतरवतात. एक किलो चरबी म्हणजे साधारण 7700 कॅलरी, भाग लावून बघ आणि मग त्या जाहिरातीकडे बघ.

तुझं कारण वेगळंही असेल. माझ्यासारखे तुझे चोर शेंगाच असतील असं नाही. तुझा संशय मला त्या स्टेशनवरच्या वडापावावर आहे, आणि रात्री दीडपर्यंत जागून मोबाइल बघण्यावर. थायरॉईडची तपासणी वर्षभरात केली नसशील तर करून घे, आणि तुझ्या इतर गोळ्यांपैकी कुठली वजन वाढवते का, तेही विचार. पण त्याच्या आधी चौदा दिवस लिही. खरं लिही. मला पाठवू नकोस वाटल्यास.

हुरडा अजून आठवडाभर निघेल असं चुलत्यांनी वस्तीवरून कळवलंय. शनिवारी सकाळच्या गाडीने ये. हुरड्याबरोबर शेंगाचटणी असणारच, वजनकाटा मी घेऊन येतो. आणि रविवारी पाणी येणार आहे, बादल्या निम्म्या तुझ्या.

तुझा,
भोपळ्या

ता. क. वहिनींना हे पत्र दाखवू नकोस. वडापावाचं मला त्यांनीच सांगितलंय.