राणीछाप रुपया आणि कुंकवाचे बोट

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

आपल्या पुरवणीत व्हिक्टोरिया राणीवर आलेला लेख दोनदा वाचला. त्रेसष्ट वर्षांची कारकीर्द, नऊ मुले, बोरीबंदर, राणीची बाग, सगळे त्यात आहे. एलिझाबेथ राणीने २०१५ साली तिचा विक्रम मोडला तेही आहे. ती बेचाळिसाव्या वर्षी विधवा झाली, ही गोष्ट मात्र एका वाक्यात उरकली आहे. मला त्याच वाक्याबद्दल लिहायचे आहे, कारण ही राणी दर लक्ष्मीपूजनाला आमच्या पाटावर असते.

आमच्याकडे पितळी डब्यात, खणाच्या तुकड्यात गुंडाळलेले अकरा राणीछाप रुपये आहेत. नवा असताना एकेक बरोबर तोळ्याचा असे, आता झिजलेत. डोक्यावर मुकुट, अंगात वेलबुट्टीचा पोशाख, तरुण चेहरा. सगळ्यात जुना रुपया १८६२ चा, सगळ्यात नवा १९०० चा. तिचा नवरा अल्बर्ट १४ डिसेंबर १८६१ रोजी गेला. म्हणजे अकराच्या अकरा रुपये ती विधवा झाल्यावर पाडलेले. इंग्लंडातल्या नाण्यांवर १८९३ पासून पदरासारखे वस्त्र डोक्यावरून घेतलेली वयस्क राणी दिसू लागली, आपल्याकडच्या रुपयावर मात्र शेवटपर्यंत तीच मुकुटातली तरुणी राहिली.

हे रुपये आमच्या सासूबाईंच्या आजेसासूबाईंचे. सासूबाई १९४८ साली लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा या आजेसासूबाई हयात होत्या, त्यामुळे हे सांगोवांगीचे नाही. बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात एक मुलगा. केशवपन झाले, अंगावर आलवण, म्हणजे विधवेचे लाल लुगडे, आले आणि पुढची पन्नासहून अधिक वर्षे माजघर, स्वयंपाकघर आणि मागचे दार एवढेच जग राहिले. पै-पै साठवून त्यांनी हे रुपये राखले. १८९७ साली प्लेगमध्ये गोरे सोल्जर घरे तपासायला येऊ लागले तेव्हा त्यांनी तोवर साठलेले रुपये पुरचुंडीत बांधून चुलीच्या राखेत पुरले होते. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री राणीच्या राज्याला साठ वर्षे झाली म्हणून गणेशखिंडीच्या बंगल्यावर समारंभ झाला आणि परतताना प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. आज तिथे विद्यापीठ आहे. मी बसने तिथून जाते तेव्हा मला आधी ती राखेतली पुरचुंडी आठवते.

राणीची थोरवी गाण्यासाठी हे पत्र नाही. १ जानेवारी १८७७ रोजी दिल्ली दरबारात तिच्या नावाने सम्राज्ञीपदाची द्वाही फिरली, तेव्हा दख्खनेत दुष्काळाने माणसे मरत होती. आपल्या पुण्याचे सार्वजनिक काका (गणेश वासुदेव जोशी) त्या दरबाराला खादी घालून गेले होते. आणि स्वतः बाई असून, राज्य करत असून, १८७० च्या एका पत्रात तिने बायकांच्या हक्कांना मूर्खपणा म्हटले आहे. हे मी विसरत नाही.

पण तिचे वैधव्य कसे होते तेही पाहावे. अल्बर्ट गेल्यावर तिने काळे कपडे घातले ते मरेपर्यंत. विंडसरच्या वाड्यात रोज त्याचे कपडे काढून ठेवले जात, दाढीचे गरम पाणी नेले जात असे, चाळीस वर्षे. काही वर्षे ती लोकांसमोर येईना, म्हणून तिकडे कुरकुरही झाली. १८८७ च्या समारंभात मुकुट न घालता ती साध्या टोपीत गेली. मात्र तिला गादीवरून उठ असे कोणी म्हटले नाही, तिचे केस कोणी काढले नाहीत, नातवंडांच्या लग्नातून तिला मागच्या खोलीत कोणी पाठवले नाही. मरताना तिने सांगून ठेवले होते, त्याप्रमाणे पांढऱ्या पोशाखात, लग्नातली जाळीची ओढणी घालून तिला अल्बर्टशेजारी पुरले.

त्याच काळात पुण्यात काय चालले होते? १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीबाईंनी फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांनी विधवेशी लग्न केले आणि १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम सुरू केला. सासूबाईंच्या त्या आजेसासूबाईंच्या घरापासून हे सगळे चालत जाण्याच्या अंतरावर होते. त्या पोहोचू शकल्या नाहीत. त्यांच्या हातात राणीचा बंदा रुपया होता आणि लक्ष्मीपूजनाला त्या रुपयाला कुंकू लावायला मात्र घरातली सवाष्ण पुढे होई. त्या दाराआडून बघत, असे सासूबाई सांगत. सांगताना त्यांचा आवाज बदलत असे.

माझे यजमान चार वर्षांपूर्वी गेले. गेल्या दिवाळीत मी नेहमीसारखा पाट मांडला, रुपये रिठ्याच्या पाण्यात घासून पुसून ठेवले आणि करंडा उघडला. तेवढ्यात नात्यातल्या एक वडीलधाऱ्या बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "तू राहू दे, सूनबाईला करू दे." त्यांच्या मनात वाईट काही नव्हते. मी बाजूला झाले. सूनबाईने एकेका रुपयावर राणीच्या कपाळाला बोट टेकवले, अकरा वेळा. मला ठाऊक होते की ते अकराही चेहरे विधवेचे आहेत आणि मी तोंडातून चकार शब्द काढला नाही. याचे मला अजून वाईट वाटते.

मे २०२२ मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. तुमच्या पेपरने तो नक्की छापला असेल. पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये, आमच्या पेठांमध्ये, संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप देताना अजून कोणाचे दार वगळले जाते, त्यावर एखादी लेखमाला करावी ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. राणीवर पुन्हा लिहाल तेव्हा १८६१ नंतरच्या चाळीस वर्षांना एक परिच्छेद द्या, आणि त्याच्या शेजारी त्या चाळीस वर्षांत इथे आलवणात बसलेल्या बायकांनाही एक द्या.

रुपये काल पुन्हा काढून पाहिले. कितीही घासले तरी मुकुटाच्या खाचेत कुंकू लालसर उरतेच. यंदा त्यावर बोट मी टेकवणार आहे. सूनबाईशी बोलले, ती म्हणाली, "आई, मी करंडा धरते."

कळावे,
एक वाचक, कसबा पेठ, पुणे
(घरच्यांचा विचार करून नाव छापू नये.)