गाठ चमकली, पण कण पोहोचला का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

प्रथिनांच्या नॅनोकणांतून चमकणारा रंग कर्करोगाच्या गाठीपर्यंत नेण्याच्या बातम्यांत उंदराच्या गाठीचा झगझगीत फोटोच पुरावा म्हणून येतो. तेवढ्याने कण गाठीत पोहोचला, हे सिद्ध होत नाही.

इंडोसायनिन ग्रीन हा रंग अमेरिकेत १९५९ पासून मान्यताप्राप्त आहे. शिरेतून दिल्यावर तो रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटतो आणि यकृत काही मिनिटांतच त्यातला निम्मा काढून घेते. म्हणून तो अल्ब्युमिनच्याच कणांत कोंडतात. सामू (pH) ८ च्या आसपास असलेल्या २ टक्के अल्ब्युमिनच्या द्रावणात रंग मिसळायचा, ढवळत मिनिटाला १ मिली इथेनॉल सोडायचे, द्रावण दुधाळ झाले की प्रथिनाचे रेणू एकमेकांना सांधणारे ग्लुटराल्डिहाइड घालून रात्रभर ठेवायचे, मग सेंट्रिफ्यूजमध्ये (वेगाने फिरवून कण खाली बसवणाऱ्या यंत्रात) फिरवून तीनदा धुवायचे; सगळे अंधारात, कारण पाण्यातला हा रंग उजेडात विटतो. सामू ४.७ कडे घसरला की प्रथिनावरचा निव्वळ भार संपून गुठळ्या होतात. ग्लुटराल्डिहाइड कमी पडले तर कण पाण्यात पुन्हा विरघळतात.

खरी मेख पुढे आहे. रंग कणात नुसता अडकलेला असतो, रासायनिक बंधाने जोडलेला नसतो. रक्तात लिटरमागे सुमारे ४० ग्रॅम अल्ब्युमिन असते आणि ते हा रंग ओढून घेते. गळती तपासायला नुसत्या बफरमध्ये (सामू स्थिर ठेवणाऱ्या क्षारद्रावणात) डायलिसिस केले, म्हणजे कण बारीक छिद्रांच्या पिशवीत ठेवून रंग बाहेर येतो का पाहिले, तर तिथे रंग ओढणारे कोणीच नसते, म्हणून गळती दिसत नाही. त्यातच कणात दाटी झाली की रंगाची चमक मंदावते, बाहेर पडून अल्ब्युमिनला चिकटला की वाढते. म्हणजे गळतीच यशासारखी दिसते!

म्हणून कण ३७ अंशांवर सीरममध्ये (रक्त गोठल्यावर उरणाऱ्या, अल्ब्युमिनयुक्त द्रवात) २४ तास ठेवून जेल कॉलममधून, म्हणजे आकारानुसार रेणू वेगळे करणाऱ्या नळीतून काढावेत. मोठे कण आधी उतरतात, सुटे अल्ब्युमिन मागाहून. मागच्या भागात रंग किती आला, तीच गळती. उंदरांत मोकळा रंग आणि कण यांच्या जोडीला अल्ब्युमिन व रंगाचे साधे मिश्रण दिलेला गटही हवाच. तो नसेल तर कणामुळे काय साधले हे कळणारच नाही.

अशा प्राणी-प्रयोगांच्या २०१६ मधील आढाव्यात टोचलेल्या नॅनोकणांपैकी गाठीत पोहोचलेल्यांचे मध्यक प्रमाण ०.७ टक्के निघाले. बाकीचे बरेचसे यकृत आणि प्लीहेत जातात. तेव्हा गाठीच्या फोटोशेजारी त्याच उंदराच्या यकृताचा फोटोही छापावा, ही विनंती.

आपले,
या विषयाचे अभ्यासक वाचक